आधी माल, मग हमाल

जगातली पहिली स्की लिफ्ट एका हॉटेलवाल्यानं बांधली आणि ती पाणचक्कीवर चालायची. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये शोलाख नावाचं गाव आहे. तिथल्या रॉबर्ट विंटरहाल्डर या गृहस्थांनी 1908 सालच्या फेब्रुवारीत आपल्या चक्कीच्या पाण्यावर फिरणारा एक लांबलचक दोर टेकडीवरून फिरवून आणला आणि पाहुण्यांना सांगितलं, धरा. पाहुण्यांनी धरला आणि ते वर गेले. लांबी 280 मीटर, चढ 32 मीटर. एवढा चढ आपल्याकडे माणूस सोसायटीची लिफ्ट बंद पडल्यावर सेक्रेटरीच्या नावानं बोटं मोडत चढतो. पण बोटं मोडून यंत्र सुचत नाही. पाहुणा कुरकुरला आणि त्याचं बिल अजून व्हायचं असलं, की यंत्र सुचतं.

अमेरिकेतही तसंच झालं. व्हरमाँट राज्यातल्या वुडस्टॉकला न्यूयॉर्कहून आलेली मंडळी तक्रार करत होती की दिवसभर तंगडतोड करायची आणि पदरात पडतात चार घसरगुंड्या. त्यांच्या यजमानांनी, म्हणजे रॉइस दांपत्यानं, गिल्बर्ट नावाच्या शेतकऱ्याची टेकडी भाड्यानं घेतली आणि 1934च्या जानेवारीत तिथं फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं इंजिन लावून दोर फिरवला. बसायला काही नाही, टेकायला काही नाही. धावता दोर मुठीत पकडायचा आणि पुढचं देवावर सोडायचं. दोर ओला होऊन जड व्हायचा, हातमोजे फाडायचा. तरी लोक खूष होते.

मग 1936 साली आयडाहोतल्या सन व्हॅलीत खुर्चीची लिफ्ट आली. ती काढणारे जिम करन हे युनियन पॅसिफिक रेल्वेचे इंजिनिअर. त्याआधी त्यांनी केळ्यांचे घड बोटीत चढवायची यंत्रणा केली होती: फिरती तार, तारेला आकडे, आकड्याला घड. करनसाहेबांनी आकड्याच्या जागी खुर्ची टांगली आणि घडाच्या जागी माणूस. चाचणी झाली ओमाहाला, ऐन उन्हाळ्यात, बर्फाचा कणही नसताना. खुर्ची एका ट्रकला बांधली आणि पायात रोलर स्केट घातलेली माणसं तिच्यापुढं उभी केली. ट्रक किती वेगानं आला तर माणूस खुर्चीत बसतो आणि किती वेगानं आला तर नुसता फटका खातो, हे त्यातून ठरलं. आज जगभर लोक तशा खुर्चीत बसतात आणि त्या रोलर स्केटवाल्यांची कुणाला आठवण नाही.

तेव्हा या इतिहासात स्कीपटू पहिल्यापासून माल आहे. आधी दळणाच्या पाण्यावर ओढलेला, मग केळ्यांच्या आकड्याला टांगलेला. मालाचं एक बरं असतं, त्याला काही वाहावं लागत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र लिफ्ट छोटी झाली, बॅटरीवर चालू लागली आणि पाठीवरच्या पिशवीत मावू लागली. पिशवी म्हटली की ती उचलणारा आला. लिफ्टनं स्कीपटूचा माल केला होता, पोर्टेबल लिफ्टनं त्याचा हमाल केला. हे स्थित्यंतर मी माझ्या डोळ्यांनी, फोल्डिंगच्या खुर्चीत बसून, चहा पीत पाहिलं आहे.

माझा भाचा डेन्व्हरला असतो. कोलोरॅडोत गेलेला मराठी मुलगा पहिल्या वर्षी बर्फाला शिव्या देतो, दुसऱ्या वर्षी स्की भाड्यानं घेतो, तिसऱ्या वर्षी विकत घेतो, आणि चौथ्या वर्षी त्याला रिसॉर्टमधली गर्दी सोसवेनाशी होते. मग तो ‘बॅककंट्री’ हा शब्द आपल्याकडे लोक ‘विपश्यना’ म्हणताना जो आवाज लावतात त्या आवाजात उच्चारू लागतो. बॅककंट्री म्हणजे रिसॉर्टच्या दोरीपलीकडचा डोंगर. लिफ्ट नाही, तिकीट नाही, रात्री यंत्रानं घोटून ठेवलेला उतार नाही, आणि पडलात तर स्ट्रेचर घेऊन येणारा लाल जाकिटातला माणूसही नाही. वर जायचं आपल्या पायांनी.

पायांच्या मदतीला असते ती स्किन. स्कीच्या तळाला चिकटवायची ही लांब पट्टी पूर्वी खरोखरच सीलच्या कातड्याची असायची. आता ती मोहेरची, म्हणजे अंगोरा बोकडाच्या केसांची, नाही तर नायलॉनची असते. एका बाजूला डिंक, दुसऱ्या बाजूला एकाच दिशेला झुकलेले बारीक केस. स्की पुढं सरकवली की केस निजतात, मागं घसरू पाहिली की उभे राहतात. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवून पाहा, सगळं तंत्रज्ञान कळेल. बूट स्कीला अडकवणाऱ्या बाइंडिंगमध्ये टाच मोकळी ठेवायची, एक पाय सरकवायचा, मग दुसरा. माथ्यावर पोचलं की स्किन सोलून घडी करायची, टाच अडकवायची आणि सुटायचं. मध्य आशियातल्या अल्ताय डोंगरात लोक आजही घोड्याच्या पायाचं कातडं स्कीखाली लावून चढतात. इतक्या शतकांत या कल्पनेत सुधारणा झाली ती डिंकाची, आणि तोही थंडीत सुटतोच.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. बिघडलं ते भाच्यानं हिशेब केल्यामुळं. माणूस आणि त्याचं सामान मिळून 80 किलो, चढ 300 मीटर. गुरुत्वाकर्षणाला पुरून उरायला लागणारी ऊर्जा किती? उत्तर येतं सुमारे 65 वॅट-तास. लॅपटॉपच्या बॅटरीत साधारण एवढी वीज असते. घरच्या मीटरवरच्या एका युनिटात असे पंधरा जण वर जातील. मी हा हिशेब त्याच्याकडून पुन्हा करून घेतला, कारण चढताना माझी छाती जशी भरते ती पाहता आकडा निदान पिनकोडएवढा असेल अशी माझी समजूत होती. पण गणित बरोबर होतं, आणि गणित बरोबर निघालं की इंजिनिअर माणसाला आवरणं कठीण. पाऊण युनिटसुद्धा नाही, युनिटचा पंधरावा हिस्सा! त्यासाठी तासभर घाम गाळायचा? कागदावरच्या हिशेबात यंत्राचं स्वतःचं वजन धरलेलं नव्हतं, घर्षण नव्हतं, आणि लिथियमच्या बॅटरीला थंडी मानवत नाही, हेही नव्हतं. ते नंतर बर्फात कळायचं होतं.

या छंदातली यंत्रं पाहिली की माणसाच्या आळसाइतकं कष्टाळू दुसरं काही नाही याची खात्री पटते. कॅनडाच्या क्वेबेकमध्ये स्किझी नावाचं एक छोटं पट्ट्यावर चालणारं इंजिन निघालं, ते मागून ढकलतं. म्हणजे स्नोमोबिल आहे, पण बसायची सोय काढून टाकलेली. स्वित्झर्लंडमध्ये ई-स्किमो नावाची विजेची स्की आली. तिच्या तळाला स्किनच्या जागी फिरता पट्टा असतो, प्रत्येक स्कीला वेगळी मोटर आणि वेगळी बॅटरी. चढताना ती तुम्हाला नेते. माथ्यावर पोचलात की मोटर आणि बॅटरी काढून पाठपिशवीत टाकायची आणि उतरताना तुम्ही तिला न्यायचं. व्यवहार चोख आहे. आणि अमेरिकेतल्या झोआ या छोट्या कंपनीनं दोरावर स्वतःला ओढत जाणारं एक हातात धरायचं यंत्र काढलं. दोर वर झाडाला बांधायचा, यंत्र दोराला अडकवायचं, खटका दाबायचा, की ते दोर गिळत वर जातं आणि मागोमाग तुम्ही.

अशाच जातीचं एक यंत्र भाच्यानं मित्रांबरोबर वर्गणी काढून घेतलं. कुणाचं ते सांगत नाही. त्यात यंत्राचा दोष थोडा आणि आमच्या मंडळींचा फार होता. चौघे जण होते: भाचा, एक नागपूरकर, एक हैदराबादचा आणि एक तिथलाच गोरा मुलगा. ओळखीतल्या एकाच्या केबिनमागचा उतार ठरला. पहाटे पाच वाजता निघालो, कारण शनिवारी आय-70 महामार्गावर डेन्व्हरची निम्मी जनता डोंगराकडे निघालेली असते. गर्दी टाळायला एवढ्या पहाटे उठलेली माणसं इतकी असतात की तीच गर्दी होते.

उतारापाशी पोचून सामान काढलं. मी दोराची पिशवी कौतुकानं उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. तीनशे मीटर दोर, यंत्र, बॅटरी, झाडाला बांधायचे पट्टे, कड्या. सगळे त्या ढिगाभोवती उभे राहून बघत होते, आणि मग नागपूरकरानं तो प्रश्न विचारला जो खरेदीच्या आधी कुणी तरी विचारायला हवा होता.

“पण वरच्या झाडाले दोर बांधाले जाईन कोण?”

शांतता पसरली. भाचा म्हणाला, “कोणाला तरी एकदा चढावं लागेल.”

“मंग मशीन कायले घेतली?”

आपल्याकडे सभेत शंका काढणाऱ्यालाच समितीवर घेतात. नागपूरकराच्या पाठीवर दोराची पिशवी चढवली, त्यानं स्कीला स्किन लावल्या आणि तो चढू लागला. उभा चढ शंभरेक मीटरचाच, पण पिशवीसकट. दोर मागं सोडत, झाडांना वळसे घालत, थांबत, कपाळ पुसत तो वर पोचला. खालून आम्ही उत्साहानं हात हलवले.

आता दोर ताणून बांधायचा होता. तिथं फोनला रेंज नव्हती, म्हणून संवाद ओरडून चालला होता. खालून भाचा ओरडला, “ओढ!” वर वारा होता. नागपूरकरानं ऐकलं, “सोड.” मित्रावर त्याचा विश्वास होता, त्यानं सोडला. तीनशे मीटर दोर सळसळत, वेटोळी घेत, वाटेतल्या प्रत्येक झुडपाची विचारपूस करत खाली आला आणि आमच्यापुढं ढीग होऊन पडला. त्यानंतर वरून जे शब्द आले ते वाऱ्यातही स्पष्ट ऐकू आले.

तो स्की करत खाली आला, गुंता सोडवण्यात सगळ्यांचा वेळ गेला, आणि तोच पुन्हा वर गेला. तोच का, तर त्याला आता अनुभव होता. तोवर भाच्यानं बॅटरी स्वतःच्या जाकिटाच्या आत छातीशी धरली होती, ती गार पडू नये म्हणून. त्याच्या लेकीला तो एवढा वेळ छातीशी धरताना मी पाहिलेला नाही. अखेर दोर ताणला गेला, यंत्र अडकलं, खटका दाबला आणि गोरा मुलगा एका हातानं यंत्र धरून सरसर वर निघाला. खरं सांगते, दृश्य झकास होतं. तीनेक मिनिटांत तो वर. टाळ्या झाल्या, व्हिडिओ झाला, व्हिडिओवर पुण्याहून माझ्या बहिणीचा “हेल्मेट कुठाय?” हा अभिप्राय संध्याकाळी आला.

मग लक्षात आलं की यंत्र एक आहे आणि माणसं चार. जो वर गेला तो यंत्र घेऊनच वर गेला. तो उतरून खाली येईपर्यंत बाकीच्यांनी उभं राहायचं. तो आला, दुसरा गेला, तिघं उभे. दुसरा आला, तिसरा गेला. रिसॉर्टमधल्या लिफ्टच्या रांगेला कंटाळून ही पोरं डोंगरात आली होती. आता लिफ्ट त्यांची, आणि रांगही त्यांचीच. शिवाय रिसॉर्टच्या रांगेत माणूस घामेजलेला नसला तरी निदान गर्दीनं ऊबदार असतो; इथं ते पाय आपटत होते, आणि मधूनमधून कुणाचं तरी लक्ष माझ्या थर्मासकडे जात होतं. “काकू, चहा आहे का अजून?” ही विचारणा मराठी, हिंदी आणि अमेरिकन अशा तिन्ही उच्चारांत झाली.

नागपूरकराचा नंबर शेवटचा. दोनदा चढून आलेला माणूस रांगेत शेवटी कसा, हे मला कळलं नाही, पण आपल्याकडच्या संस्थांमध्ये काम करणाऱ्याचं हेच होतं. तो थोडा वेळ थांबला, मग काही न बोलता स्किन लावून चालत वर गेला, उतरून आला, पुन्हा गेला. दुपारी दोरावर बर्फ धरायला लागला. यंत्र गुरगुरायचं, पण दोरावरून घसरायचं. बॅटरीचा आकडा भराभर उतरत होता. तिघं यंत्राभोवती वाकून चर्चा करत होते, आणि चौथा डोंगरात एकटाच बागडत होता.

न्याय द्यायचा तर भाच्याचं म्हणणंही ऐकायला हवं. त्याचा हिशेब असा की एकानं एकदा चढायचं (दोनदा, मी म्हटलं, त्यानं ऐकलं नाही), त्या बदल्यात चौघांना दिवसभर फुकट चढ मिळतो, जितक्या फेऱ्या जास्त तितका चढ स्वस्त. हे खोटं नाही. घरामागं आपली टेकडी असेल, दोर कायमचा बांधून ठेवला असेल, पोरंबाळं असतील, तर हे यंत्र नामी आहे, मलाही आवडेल. पण रोज नव्या डोंगरावर जायचं, हेच तर बॅककंट्रीचं सुख. नवा डोंगर म्हणजे नवं झाड, नवी गाठ आणि नवा नागपूरकर.

शिवाय दिवस संपतो तेव्हा दोर सोडावा लागतो. तो सोडायला कुणी तरी वर जातं, ही गोष्ट कंपन्यांच्या व्हिडिओत कधी दाखवत नाहीत. मग तो ओला, बर्फाळलेला दोर गुंडाळायचा. मग तो घरी आणायचा. मग तो वाळवायचा, कारण ओला ठेवला तर कुजतो म्हणे. भाच्याच्या दोन बेडरूमच्या घरात तो दोर डायनिंगच्या खुर्च्यांवरून पडद्याच्या दांड्यावर, तिथून पुस्तकांच्या कपाटावरून व्यायामाच्या सायकलीवर, असा तीनशे मीटरचा प्रवास करत पसरला. मी सकाळी स्वयंपाकघरात जाताना त्याखालून वाकून जात होते. भाचेसून समंजस आहे, ती दोराला हात न लावता एवढंच म्हणाली, “यापेक्षा सीझन पास स्वस्त पडला असता.” मग तिनं हिशेब करून दाखवला. तीही इंजिनिअरच आहे.

दोराला कंटाळलेल्यांसाठी आता अंगात घालायची यंत्रं आली आहेत. कंबरेला पट्टा, मांडीला पट्टा, मध्ये मोटर, आणि पाऊल उचललं की मोटर मांडी उचलून देते. चीनमध्ये ताइशान या पवित्र डोंगरावर सात हजारांहून जास्त पायऱ्या आहेत. 2025च्या सुरुवातीला तिथं भाविक-पर्यटकांना अशी यंत्रं भाड्यानं मिळू लागली. देवाला जाताना पाय भाड्यानं घ्यायचे, ही सोय आपल्याकडच्या डोलीवाल्यांनी आणि घोडेवाल्यांनी फार आधी केलेली आहे, फक्त त्यांना चार्जिंग लागत नाही, चहा लागतो. आर्क्टेरिक्स या कॅनडाच्या कंपनीनं स्किप नावाच्या कंपनीबरोबर 2024 साली चक्क मोटरची पँट जाहीर केली: गुडघ्यापाशी मोटर, चालताना आधार देणारी. कल्पना उत्तम आहे आणि गुडघेदुखीवाल्यांना ती वरदान ठरो. पण निघायच्या वेळी नवरा “थांब, पँट चार्जिंगला लावलीय” असं म्हणाला, तर बायकोनं काय करायचं, हे त्या माहितीपत्रकात नाही.

इथं एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बॅककंट्रीत जाणारा प्रत्येक शहाणा माणूस अंगावर हिमस्खलनाचा ट्रान्सीव्हर बाळगतो. 457 किलोहर्ट्झवर तो सतत संदेश सोडत असतो. माणूस बर्फाखाली गाडला गेला तर सोबती त्याच संदेशाच्या मागानं त्याला शोधतात. आणि या ट्रान्सीव्हरला बाकीची विजेची उपकरणं अजिबात चालत नाहीत. संदेश सोडताना फोन, कॅमेरा, तापणारे हातमोजे वगैरे 20 सेंटिमीटर लांब ठेवा, शोधताना 50 सेंटिमीटर, असा नियम शिकवतात. आता ज्याच्या पायाखाली दोन मोटर, कंबरेला एक आणि खिशात फोन आहे, त्यानं ट्रान्सीव्हर ठेवायचा कुठं? यंत्रायंत्रांतली ही भाऊबंदकी जिवावर बेतू शकते. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, आणि स्की करायला मजाही नेमकी तिथंच येते. पायी चढणारा माणूस हळू जातो, थांबतो, काठी खुपसून बर्फ बघतो. यंत्रावरचा माणूस तीन मिनिटांत माथ्यावर असतो, डोंगराशी ओळख व्हायच्या आत.

हमालीनंच जीव वाचल्याची मात्र एक खरी गोष्ट आहे. 1970च्या दशकात बव्हेरियातला योझेफ होहेनेस्टर नावाचा वनरक्षक शिकार खांद्यावर टाकून डोंगर उतरत असताना हिमस्खलनात सापडला, आणि गाडला न जाता वरच राहिला. कारण साधं होतं: हलत्या राशीत मोठी वस्तू वर येते, आणि खांद्यावरच्या जनावरामुळं तो मोठा झाला होता. पुढं त्यानं जनावराऐवजी फुगा घेऊन प्रयोग केले. पेटर आशाउअर यांनी 1980 साली त्याचं पेटंट घेतलं आणि त्यातून पाठीवरची एअरबॅग आली. स्कीच्या सगळ्या उपकरणांत ओझं वाहण्याचं सार्थक झालेलं मला एवढंच सापडलं.

या यंत्रांना नाकं मुरडणारा एक संप्रदायही आहे. उतार पायांनी कमवावा, आयता घेऊ नये, असं त्यांचं मत. मला ही माणसं आवडतात, पण ती डोंगरापर्यंत दीडशे किलोमीटर गाडीनं येतात आणि तो चढ हिशेबात धरत नाहीत, हे मी नोंदवून ठेवलं आहे. कायदा मात्र त्यांच्या बाजूनं आहे. अमेरिकेत 1964च्या वाइल्डरनेस कायद्यानं राखलेल्या जंगलात मोटरचं काहीही चालत नाही, मग ती मोटर पँटमध्ये का असेना. फ्रान्सनं 1985 सालीच हेलिकॉप्टरनं हौशी स्कीपटूंना डोंगरावर सोडणं बंद केलं. आणि 2026च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्की चढण्याचीच शर्यत पहिल्यांदा घेतली गेली. माथ्यावर पोचताच स्किन खस्सकन ओढून सूटच्या आत कोंबण्यात जो पटाईत त्याचं पदक. स्पेनचा किलियन जोर्नेट तर 2019 साली नॉर्वेत स्कीवर 24 तासांत 23,486 मीटर चढला. भाच्याच्या सूत्रानं पाहिलं तर यालाही जेमतेम पाच-सहा युनिट वीज पुरली असती. पण युनिटांना टाळ्या कोण देतं?

कोलोरॅडोतच लव्हलँड पास नावाची खिंड आहे, साडेतीन हजार मीटरहून उंच. तिथं रस्ता थेट वरपर्यंत जातो. लोक खिंडीत उतरतात, स्की करत खालच्या वळणावर येतात, आणि रस्त्याकडेला उभं राहून अंगठा दाखवतात. कुणी तरी ट्रकवाला थांबतो, मागं बसवतो, परत वर सोडतो. पुन्हा उतार, पुन्हा अंगठा. वजन नाही, बॅटरी नाही, दोर वाळवायला नको. मी पाहिलेल्या यंत्रांत हे सर्वोत्तम आहे, आणि पुन्हा पाहा, माणूस त्यात ट्रकमधला माल आहे. मालाला पर्याय नाही.

आता भाच्याच्या डोक्यात गुलमर्ग आहे. पुढच्या हिवाळ्यात मित्र, दोर आणि यंत्र घेऊन काश्मीरला यायचं, आणि येताना आम्ही पुणेकरांनी सोबत व्हायचं. त्याला मी तीन गोष्टी कळवल्या आहेत आणि ज्यांचे भाचे-पुतणे तिकडे असतील त्यांच्यासाठी इथंही देते. एक, 160 वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियमची बॅटरी विमानात प्रवाशाला ना जवळ ठेवता येते ना सामानात देता येते; 100 ते 160च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. आमच्या यंत्राची त्याहून बरीच मोठी आहे, तेव्हा ती माझ्या चकल्यांच्या डब्याखाली लपवायचा बेत त्यानं सोडून द्यावा. दुसरी गोष्ट, गुलमर्गच्या सपाटीवर लाकडी स्लेज घेतलेली माणसं उभी असतात. ती मराठी पर्यटकांना अगदी केळ्याच्या घडासारखं बसवून दोरीनं चढावर ओढत नेतात. घासाघीस करा, पण माणूस दुसऱ्या माणसाला बर्फातून वर ओढतोय हे ध्यानात ठेवून करा. आणि तिसरी, तिथं 1998पासून गोंडोला, म्हणजे केबल कार, आहे, 2005पासून तिचा दुसरा टप्पा थेट अफरवटच्या खांद्यावर, जवळपास 3,950 मीटरवर सोडतो. वारा सुटला किंवा हिमस्खलनाची भीती असली की हा वरचा टप्पा बंद ठेवतात, म्हणून हाताशी एखादा जादा दिवस असू द्या. आणि घरून निघायच्या आधीच गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा.